मागे युनिट नसलेली पोस्टिंग: फौजेतून पुण्यात आलेल्या एका कुटुंबाचे पहिले वर्ष

पेन्शनीत आलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, ‘सुटलास, आता घरी आलास.’ या प्रकरणातल्या कुटुंबात चार माणसे आहेत आणि हे वाक्य त्यातल्या एकालाही नीट लागू पडत नव्हते. हवालदारांचे गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. अठराव्या वर्षी ते सोडले आणि नंतर सुट्टीपुरतेच पाहिले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, लग्नानंतर दीड वर्ष सासरी राहिल्या, पुढे जोधपूर, भटिंडा आणि शेवटी जबलपूर. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाव्याच्या उंबरठ्यावर. दोघांचाही जन्म मिलिटरी हॉस्पिटलमधला, आणि महाराष्ट्र म्हणजे त्यांच्या लेखी आजी-आजोबांकडची मे महिन्याची सुट्टी. पुणे तर चौघांनाही रेल्वे स्टेशन आणि स्वारगेटच्या एसटी स्टँडपुरतेच माहीत.

मी दिघी-विश्रांतवाडी भागात राहते. माझ्या यजमानांची नोकरीही फौजेतच झाली. आमच्या भागात पेन्शनीत येणाऱ्या कुटुंबांना कागदपत्रे, शाळा, भाड्याचे घर अशा कामांत मदत करणाऱ्या आम्ही काही बायका आहोत. या कुटुंबाची गोष्ट सविस्तर लिहायचे कारण असे, की त्यांच्या वर्षभरातल्या जवळपास सगळ्या अडचणींचे मूळ एकच निघाले. फौजेत बदली झाली की पुढचे युनिट बरेच काही तयार ठेवते: क्वार्टरच्या यादीत नाव, शाळेचे पत्र, आजारपणाला एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, आणि काहीच सुचले नाही तर शेजारची भाभी. पुण्यात येणे हीसुद्धा बदलीच असते, फक्त समोर घ्यायला कोणी नसते. हे आधी ओळखणारे कुटुंब वर्षभरात बसते. ‘आपण घरी आलो’ असे धरून चालणारे कुटुंब पहिल्या सहा महिन्यांतच असे निर्णय घेते, जे पुढे दहा वर्षे निस्तरावे लागतात.

कुटुंबाने हे सगळे वाचून परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

डिस्चार्जच्या आधी

हवालदार ईएमईचे, म्हणजे फौजेची वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेचे, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. चोवीस वर्षांची नोकरी पूर्ण झाली. दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकत होती, ती त्यांनी घेतली नाही. कारण मुलगी. तिची शाळा तीनदा बदलली होती आणि शेवटची तीन वर्षे हवालदार फील्डमध्ये, कुटुंब जबलपूरला. डिस्चार्जची तारीख होती ३० नोव्हेंबर.

या तारखेकडे कोणी पाहिलेच नाही. केंद्रीय विद्यालयाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. नोव्हेंबरअखेर सुटणारे कुटुंब यातल्या कशातच बसत नाही. डिस्चार्जची तारीख माणसाच्या हातात नसते, पण ती वर्षभर आधी माहीत असते. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात वहिनी मुलांना घेऊन आधीच पुण्यात आल्या असत्या, तर मुलीचे मधले वर्ष तुटले नसते. हा विचार घरात झाला होता. ‘एकटी बाई नव्या शहरात कशी राहणार’ म्हणून तो सोडून दिला. वहिनी तोपर्यंत तीन वर्षे जबलपूरला एकट्याच राहत होत्या.

दुसरी गोष्ट नावांची. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्यांची नोंद होते त्या फौजी कागदात, मुलाच्या नावाचे स्पेलिंग एक, जन्मदाखल्यावर दुसरे. वहिनींचे नाव एका ठिकाणी माहेरचे, आधारवर सासरचे. फौजेत असताना याची कुणाला फिकीर नसते, कारण डॉक्टर ओळखीचा, क्लार्क ओळखीचा. पेन्शनीत आल्यावर ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), शाळेची शिष्यवृत्ती, सगळे संगणकावर ताडून पाहिले जाते आणि एका अक्षरावर अर्ज परत येतो. युनिटचा क्लार्क समोर बसलेला असताना हे काम थोडक्यात होते. डिस्चार्जनंतर तेच काम सिकंदराबादच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून करावे लागते. मुलाचे ईसीएचएस कार्ड याच एका स्पेलिंगवर अडकले, आणि मुलाला थंडीत छाती भरून येण्याचा त्रास. पुण्यातला पहिला जानेवारी त्यांनी खासगी डॉक्टरांची बिले भरत काढला.

मोटरसायकल मध्य प्रदेशच्या नंबरची होती. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी हवी. जबलपूर सोडण्यापूर्वी ती घेतलेली नव्हती. शेवटी मागे राहिलेल्या युनिटमधल्या एका जोडीदाराने धावपळ करून ती मिळवून पाठवली.

सामान आले ते मात्र अगदी शिस्तीत. काळ्या पत्र्याच्या सात पेट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला वहिनींनी चिकटवलेली यादी. कोणत्या पेटीत प्रेशर कुकर, कोणत्या पेटीत मुलीचे दाखले. चौथ्या पेटीच्या यादीत शेवटची ओळ होती: ‘बाळाचा नेब्युलायझर, वरच्या थरात’. ही यादी मी मुद्दाम सांगते आहे. ज्या बाईने दहा वर्षांत एवढ्या बदल्या अशा यादीवर पेलल्या, तिला पुण्यातला कोणताही मोठा निर्णय विचारून घेतला जात नव्हता.

कात्रज की दिघी

सातारकडच्या माणसांचे पुणे दक्षिणेला असते. बोगदा ओलांडला की कात्रज, आंबेगाव, धनकवडी, धायरी. गावाकडची गाडी तिथून पकडायला सोपी, निम्मे गाव तिथेच राहते, लग्नाकार्याला माणसे जमतात. हवालदारांचे चुलतभाऊ आंबेगावला राहतात, त्यांनी तिथेच दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. आपुलकीनेच. ‘आपली माणसं जवळ पाहिजेत’ हे त्यांचे म्हणणे खरे होते आणि ते मी हलके मानत नाही.

पण पुण्यात फौजेशी जोडलेल्या सोयी बहुतांशी दुसऱ्या अंगाला आहेत. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि मिलिटरी हॉस्पिटल, वानवडीला कमांड हॉस्पिटल, घोरपडीला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालय, लोहगावला हवाई दलाचा तळ आणि तिथली केंद्रीय विद्यालये. वाहनांच्या ट्रेडमधल्या माणसाला काम मिळेल तो पट्टाही भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव असा उत्तरेच्या बाजूला. आंबेगावहून चाकणला रोज जायचे म्हणजे अख्खे शहर दोनदा ओलांडायचे, आणि चाकणच्या चौकातली कोंडी ज्याने पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

हे कागदावर मांडले तेव्हा हवालदार गप्प झाले. वहिनींनी विचारले, ‘दवाखाना कुठं आणि शाळा कुठं, ते आधी सांगा ताई. माणसं काय, रविवारी भेटता येतील.’ दिघी ठरली. पुढे सासू-सासरे आले तेव्हा तेही अवघड गेले नाही. २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आल्यामुळे साताऱ्याच्या एसटीतून उतरून थेट बोपोडीपर्यंत येता येते, तिथून खडकी-विश्रांतवाडीमार्गे रिक्षा.

एक बारीक गोष्ट इथे नवीन येणाऱ्यांना कळत नाही: विश्रांतवाडी पुणे महापालिकेत आहे आणि दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत. दोन किलोमीटरच्या अंतरात महापालिका बदलते, आरटीओही एमएच १२ चा एमएच १४ होतो. कोणत्या कार्यालयात रांग लावायची हे पत्त्यावरून आधी ठरवावे.

घरमालकाने पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून करार उरकायचा म्हटले. ‘सगळे असेच करतात’ हेही खरे. तरी आम्ही नोंदणीकृत करारावर अडून बसलो, आणि प्रत्येक कुटुंबाच्या बाबतीत बसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, शहरी भागात नोंदणी फी एक हजार रुपये. घरी येऊन अंगठे घेऊन ऑनलाइन नोंदणी होते. एवढ्या खर्चात जो कागद हातात येतो तो आधारचा पत्ता, गॅस, शाळा, मतदार यादी, सगळीकडे चालतो. मतदार यादीचे तर बहुतेक फौजी विसरतातच: सर्व्हिस व्होटर म्हणून असलेले नाव तिकडून काढून इथे सामान्य मतदार म्हणून नोंदवावे लागते.

फंड

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता.

गावाकडे ‘फंड’ म्हटले की त्यात सगळे आले: ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, ग्रुप इन्शुरन्सची रक्कम, शिल्लक रजेचे पैसे आणि कम्युटेशन. पैकी कम्युटेशन हा मिळालेला पैसा नसून स्वतःच्याच पेन्शनमधून आगाऊ उचललेला पैसा असतो, हे फार कमी घरांत नीट बोलले जाते. सैन्यात मूळ पेन्शनच्या ५० टक्क्यांपर्यंत कम्यूट करता येते. हवालदारांची मूळ पेन्शन २४ हजारांच्या आसपास. त्यांनी पूर्ण निम्मी, म्हणजे १२ हजार, कम्यूट केली. वर्षभराच्या कपातीला त्यांच्या वयानुसार नऊच्या किंचित वर गुणक लागतो, म्हणून हातात आले सुमारे १३ लाख. बदल्यात पंधरा वर्षे दरमहा १२ हजार कापले जाणार, म्हणजे एकूण २१ लाख ६० हजार. गणित केले तर ते साधारण साडेसात टक्के व्याजाने घेतलेल्या कर्जासारखे पडते. महागाई भत्ता मात्र कापण्याआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो, आणि पेन्शनर मधेच गेला तर राहिलेली वसुली कुटुंबाच्या पेन्शनमधून होत नाही.

म्हणजे कम्युटेशन वाईट असते असे मुळीच नाही. त्या पैशाने याहून महाग कर्ज टळत असेल, तर ते शहाणपणाचेच. पण तो पैसा कुठेतरी अडकून पडला, तर माणूस पंधरा वर्षे दरमहा हप्ता भरतो आणि हातात काही नसते.

आणि अडकवायला लोक तयार उभेच असतात. महिन्याभरात दोन प्रस्ताव आले. पहिला चऱ्होलीच्या पुढे एक गुंठ्याचा प्लॉट, १४ लाखांना. सातबारा सामायिक, त्यावर आठ-दहा नावे, व्यवहार नोटरीवर. ‘पलटणीतल्या चौघांनी घेतलाय’ हा मुख्य पुरावा. दुसरा एका पतसंस्थेचा: बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज, आणि तिथला संचालक नात्यातला.

प्लॉटबद्दल माझ्या यजमानांनी हवालदारांना समोर बसवून सांगितले. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय पूर्ण होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आणि नोंदणी कायदा १९०८ चा आहे, त्यात काही नवीन नाही. नोटरीने सही खरी असल्याचे कळते, मालकी बदलत नाही. त्यात १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीच्या एवढ्या लहान तुकड्याच्या विक्रीच्या आड येतो, म्हणून तर हे व्यवहार नोटरीवर होतात. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही, बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि सामायिक मालकांपैकी एकाने कोर्टात अर्ज केला की वर्षे जातात. हवालदार म्हणाले, ‘पण साहेब, चौघांनी घेतलाय.’ यजमान म्हणाले, ‘त्या चौघांपैकी एकाला बँकेत जाऊन त्या जागेवर कर्ज मागायला सांग.’ हवालदारांनी खरोखरच एका जोडीदाराला फोन केला. त्याने बँकेत विचारले, बँकेने नकार दिला, आणि प्लॉटचा विषय तिथे थांबला.

पतसंस्थेचे समजावणे नाजूक होते, कारण नाते मधे होते. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे, २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. संस्था चांगली असेल, संचालक सज्जन असतील, तरी नाही. वहिनींनीच मार्ग काढला. नात्यातल्या माणसाला त्यांनी सांगितले की पैसे वर्षभराच्या ठेवीत गेलेत, पुढच्या वर्षी बघू. आणि खरोखरच तसे केले: सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बचत खात्यात, बाकीची तीन बँकांत वाटून एक वर्षाच्या मुदत ठेवीत.

माझे मत या बाबतीत ठाम आहे. पहिल्या वर्षी फंडाला हात लावू नये. शहर कळलेले नसते, नोकरी बसलेली नसते, मुले कोणत्या शाळेत टिकतील ते ठरलेले नसते, आणि नेमक्या त्याच काळात भावबंद, दलाल, जुने जोडीदार सगळ्यांना आपल्याकडे पैसा आलाय हे माहीत असते.

शाळा

माजी सैनिकांची मुले केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात पहिल्या प्रवर्गात येतात, पण दुसरीपासून पुढच्या वर्गांत जागा रिकामी असेल तरच प्रवेश. डिसेंबरात चौथीला जागा कुठेच नव्हती. जवळच्या एका खासगी इंग्रजी शाळेने उरलेल्या चार महिन्यांसाठी पूर्ण वर्षाची फी मागितली. हवालदार भरायला निघाले होते.

आम्ही सुचवले ते त्यांना आधी पसंत पडले नाही: चालत जाण्याच्या अंतरावरची अनुदानित सेमी-इंग्रजी शाळा. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचे मराठीत. जबलपूरचा दाखला यायला उशीर होत होता, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्याच्या उशिरामुळे सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापिकांना ते ठाऊक होते, त्यांनी दुसऱ्याच दिवशी वर्गात बसवले.

मुलगी घरी मराठी बोलायची, लिहायची हिंदी. पहिल्या निबंधात तिने ‘आमच्या घरी पानी रोज येते’ असे लिहिले आणि ‘ळ’ सगळीकडे ‘ल’ केला. बाईंनी लाल शाईने खाडाखोड न करता शेजारी पेन्सिलीने बरोबर शब्द लिहून दिले आणि खाली लिहिले, ‘जबलपूरबद्दल अजून लिही.’ पुढच्या आठवड्यात पोरीने भेडाघाटच्या धबधब्यावर दीड पान लिहिले आणि ते वर्गात वाचून दाखवायला लावले. ज्या मुलीला दर दोन-तीन वर्षांनी ‘नवीन मुलगी’ व्हावे लागते, तिच्यासाठी हे केवढे मोठे असते ते आमच्यासारख्यांना विचारावे.

एप्रिलमध्ये मुलाला लोहगावच्या केंद्रीय विद्यालयात पहिलीला प्रवेश मिळाला. ३१ मार्चला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, त्याची जानेवारीत झाली होती. मुलीला पाचवीत जागा मिळाली नाही. दोन मुले दोन शाळांत म्हणजे सकाळची ओढाताण आलीच. पण तोवर तीच म्हणाली की मला याच शाळेत राहायचे आहे. आता ती सहावीसाठी सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. साताऱ्याचे सैनिक स्कूल १९६१ चे, देशातले पहिले. २०२१-२२ पासून सैनिक शाळांत मुलींना सहावीला प्रवेश आहे, आणि संरक्षण दलातल्यांच्या व माजी सैनिकांच्या मुलांना राखीव जागाही आहेत. ही कल्पना बापाची नाही, तिची स्वतःची आहे, म्हणून मला तिच्यात दम वाटतो.

नोकरी

पहिली नोकरी चालून आली ती सिक्युरिटी सुपरवायझरची, एका आयटी पार्कमध्ये. बारा तासांची पाळी, आठवड्याला सुट्टी नावापुरती. या कामाला मी कमी लेखत नाही. मेस्को, म्हणजे राज्याचे माजी सैनिक महामंडळ, त्यातून हजारो घरे चालवते आणि आमच्या भागातली कितीतरी मुले त्याच पगारावर शिकली. पण ज्या माणसाने मुलांसाठी दोन वर्षांची मुदतवाढ सोडली, त्याने पहिल्याच महिन्यात बारा तास घराबाहेर राहायचे, यात काही मेळ नव्हता. ते म्हणत, ‘रिकामं बसवत नाही.’ वहिनी म्हणत, ‘तीन महिने बसा. पेन्शन आहे, खर्च मी बघते.’

नोकरीत असताना पुनर्वसन महासंचालनालयाचे, बाहेरच्या नोकरीसाठीचे प्रशिक्षण जवानांना विनाशुल्क मिळते. यांनी घेतले नव्हते, ‘आपल्याला ट्रेड येतोच’ म्हणून. ट्रेड येतच होता, तो सिव्हिलमधल्या माणसाला समजेल असा सांगता येत नव्हता. बायोडेटात लिहिले होते, ‘युनिट एलएडीमध्ये बी व्हेईकल फिटनेस ठेवणे, एमटी पार्क, ईआयआर वेळेवर करणे’. मुलाखत घेणारा तिशीतला इंजिनीअर त्यातला एक शब्द ओळखत नव्हता. शेजारच्या एका मुलाने, जो भोसरीत एचआरमध्ये आहे, हवालदारांना तासभर प्रश्न विचारले आणि तेच असे लिहिले: ३५ ट्रक आणि १२ हलक्या गाड्यांची देखभाल, हाताखाली नऊ मेकॅनिक, सुट्या भागांचा साठा आणि हिशोब, डोंगराळ भागात रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या जागेवर दुरुस्त करणे. फौजेतला स्टॅलियन हा मुळात अशोक लेलँडचा ट्रक. म्हणजे त्या इंजिनावर यांचा हात वीस वर्षे बसलेला. हे वाक्य त्यात घातले आणि दोन ठिकाणांहून फोन आले.

मार्चमध्ये चाकणजवळ मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये देखभाल सुपरवायझर म्हणून लागले. पगार सिक्युरिटीच्या नोकरीपेक्षा फार जास्त नाही. पाळी नऊ तासांची, रविवार सुट्टी. वरिष्ठ त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याला ‘साहेब’ म्हणायचे की नावाने बोलवायचे, यावर पहिला महिना गेला. शेवटी तोच ‘काका’ म्हणायला लागला आणि प्रश्न सुटला. सरळसेवा भरतीचे अर्जही चालू आहेत. राज्य शासनाच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे.

घरातला नवा माणूस

याबद्दल कुठल्याही कार्यालयात अर्ज करता येत नाही, आणि मला विचाराल तर कुटुंब टिकते किंवा विस्कटते ते इथेच.

‘हे सुट्टीवर आले की मुलांना कळायचं काय करायचं ते,’ वहिनी एकदा म्हणाल्या. ‘कायमचे आले, त्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना.’ हवालदार पहाटे साडेचारला उठत, पाचला मुलांना उठवत, पांघरुणाची घडी काटकोनात नसेल तर उलगडून पुन्हा घालायला लावत. दूधवाल्याचा हिशोब, गॅसचा नंबर, मुलीच्या वर्गशिक्षिकेशी बोलणे ही वहिनींची वर्षानुवर्षांची कामे त्यांनी एका आठवड्यात स्वतःकडे घेतली, मदत म्हणून. वहिनींना वाटले, आपल्याला कामावरून काढले. मुलगा तर बाबा घरात असले की आईच्या मागे उभा राहून बोलायचा.

त्यांच्यात भांडण झाले नाही, शांतता झाली, आणि ती जास्त काळजीची होती. फौजेत अशा वेळी सीनियर जेसीओची, म्हणजे वरिष्ठ सुभेदाराची, बायको चहाला बोलावते आणि दोन शब्द सांगते. इथे ते काम आमच्यापैकी वयाने मोठ्या एका मावशींनी केले. त्या हवालदारांना म्हणाल्या, ‘बाळा, तू नवीन युनिटमध्ये रुजू झालायस. तिथं पहिले तीन महिने काय करतोस? आहे ते बघतोस ना? तेच कर.’ हवालदारांना ते लगेच पटले, कारण त्यांच्याच भाषेत होते.

त्यानंतर एक काम पूर्णपणे त्यांचे झाले: मुलाला संध्याकाळी सायकल शिकवणे. त्यात वहिनी बोलत नाहीत. बाकीचे हळूहळू वाटले गेले. बँकेचे व्यवहार वहिनींकडेच राहिले. आजही पेन्शनच्या स्पर्श पोर्टलचा पासवर्ड त्यांनाच पाठ आहे आणि दरवर्षीचे हयातीचे प्रमाणपत्र कधी भरायचे ते कॅलेंडरवर त्यांनीच लिहून ठेवले आहे.

वहिनींचे स्वतःचे काय, हा प्रश्न मला शेवटी विचारावा लागला, कारण दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. त्या बी.ए. आहेत, जबलपूरला शिवणाचा कोर्स केलेला. सध्या शाळेचे गणवेश शिवून देतात, आणि जूनमध्ये एवढे काम आले की शेजारच्या दोघींना सोबत घ्यावे लागले. हवालदारांच्या पगाराच्या मानाने हे पैसे थोडे आहेत, पण दिघीत वहिनींना ओळखणारी माणसे आज हवालदारांपेक्षा जास्त आहेत.

आज काय बाकी आहे

मुलाच्या नावाची दुरुस्ती रेकॉर्डकडून होऊन आली आणि ईसीएचएसचे कार्ड मिळाले. मधल्या काळात आम्ही त्यांना एक गोष्ट पाठ करायला लावली होती आणि ती पुढेही लागेल: जिवावरचे दुखणे असेल तर ईसीएचएसच्या पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयातही नेता येते, पण ४८ तासांच्या आत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवले पाहिजे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंद साताऱ्याला झाली होती, कारण डिस्चार्ज बुकात पत्ता गावचा. मुलांच्या शैक्षणिक मदतीचे अर्ज त्याच कार्यालयामार्फत जातात, त्यामुळे नोंद पुण्याला वळवून घेण्याचा अर्ज दिला आहे.

सासऱ्यांचा मोतीबिंदू आणि सासूबाईंचे गुडघे हे पुढचे काम. आई-वडिलांना ईसीएचएसमध्ये घेता येते, पण दोघांचे मिळून मासिक उत्पन्न ९ हजार रुपये अधिक महागाई भत्ता या मर्यादेत असल्याचे दाखवावे लागते. वडिलांच्या नावावर कोरडवाहू जमीन आहे, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला काढायचा आहे. हवालदार दिवाळीत गावी जातील तेव्हा ते होईल.

मुदत ठेवी डिसेंबरात पिकतात. फ्लॅट घ्यायचा विचार आता घरात उघडपणे होतो, आणि महारेराची नोंदणी पाहिल्याशिवाय कुठलाही प्रकल्प बघायला जायचे नाही असे ठरले आहे. फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतले तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे वहिनींनी स्वतः शोधून काढले आणि जेवताना सांगितले. हवालदार म्हणाले, ‘मग तुझ्याच नावावर घेऊ.’ तोपर्यंत दिघीचा भाडेकरार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला आहे, नोंदणीसह. या वेळी नोंदणीचा आग्रह हवालदारांनी धरला.